गाडीच्या कुठल्या भागाला कुठलं ग्रीस लावायचं?

ऑटो स्पेअरच्या दुकानात जाऊन "शेठ, एक ग्रीसचा डबा द्या" म्हटलं की समोरून प्रश्न येतो, "कुठलं देऊ? पिवळं, निळं का काळं?" पहिल्यांदा मी पिवळं म्हणालो. का, ते सांगता येणार नाही. दिसायला स्वच्छ वाटलं, एवढंच. मग हात पोचेल तिथे तेच फासलं: दारांच्या बिजागऱ्या, बॅटरीचे टर्मिनल आणि पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) पिनासुद्धा. महिनाभराने तुळजापूरहून परत येताना गाडी जड चालायला लागली. सोलापुरात पोचलो तेव्हा पुढचं डावं चाक इतकं तापलं होतं की जवळ हात धरवेना, वर जळकट वास. कॅलिपर उघडला तर पिनेवरचं रबर फुगून पिन आत रुतून बसलेली.

ग्रीस चांगल्या कंपनीचं होतं. पण ब्रेकच्या रबराशेजारी ते लावायचंच नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. गाडीचं काम पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी म्हणून हे सगळं ओळीने लिहितो.

पहिली पायरी: ग्रीस लागतंय का ते बघा

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ग्रीस भरायची जागाच ठेवलेली नसते. चाकाचं बेरिंग सीलबंद असतं, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड (सस्पेन्शनचे आणि स्टिअरिंगचे सांधे) सीलबंद असतात, अल्टरनेटरची बेरिंगं सीलबंद असतात. कारखान्यातून भरलेलं ग्रीस त्या भागाच्या आयुष्यभर पुरावं अशी ती रचना असते. ते बेरिंग घुंघुं करायला लागलं तर बदलायचं. सील उचकटून आत ग्रीस कोंबणारे मिस्त्री भेटतात. आवाज चार दिवस थांबतो, मग पुन्हा सुरू होतो.

गाडीखाली टॉर्च मारून ग्रीस निप्पल दिसतात का बघा. बोंडासारखं छोटं टोक, मध्ये बारीक गोळी. जुनी जीप, ट्रक, मालवाहू गाड्या, ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या यांना ती असतात. घरच्या हॅचबॅकला बहुधा एकही सापडणार नाही. मग तुमच्या वाट्याला उरतं ते एवढंच: ब्रेकच्या पिना, बिजागऱ्या आणि कुलपं, सीटचे रूळ, बॅटरीचे टर्मिनल, आणि एक्सलचं रबरी बूट फाटलंच तर आतला जॉइंट.

गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल काढा. त्यात एखाद्या भागाला ठरावीक ग्रीस सांगितलं असेल तर माझं इथलं लिहिणं बाजूला ठेवून तेच आणा.

दुसरी पायरी: डबा वाचायला शिका

आपल्याकडची शेंगाची चटणी आठवा. उखळात कुटली की कूट आपलंच तेल धरून ठेवतं. बोटाने दाबली की तेल बोटाला लागतं. ग्रीसचं गणित तेच आहे. त्यात बहुतांश तेलच असतं, साधारण ८० ते ९० टक्के, आणि ते धरून ठेवायला एक घट्ट करणारा पदार्थ. वंगणाचं काम तेल करतं. घट्ट करणाऱ्याने फक्त ते जागेवर ठेवायचं आणि दाब आला की थोडं थोडं सोडायचं.

हा घट्ट करणारा पदार्थ बहुतेक वेळा खरोखरचा साबण असतो, लिथियमचा किंवा कॅल्शियमचा. लिथियम ग्रीसमधला साबण बहुधा एरंडेलापासून काढलेल्या आम्लाचा असतो. आजोबांच्या बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचं वंगण घालायचे. ते असं मागच्या दाराने अजून गाडीत आहे. फरक इतकाच की बैलगाडीला एक वंगण पुरायचं, कारण बैलाच्या चालीने आस तापत नाही.

डब्यावर तीन गोष्टी शोधा.

एक, साबण कुठला. साधं लिथियम हे सर्वसाधारण कामाचं. 'लिथियम कॉम्प्लेक्स' जास्त उष्णता सोसतं. कॅल्शियम पाण्याला दाद देत नाही, पण साधं कॅल्शियम उष्णतेत टिकत नाही. 'कॅल्शियम सल्फोनेट' पाणी आणि उष्णता दोन्ही सोसतं आणि किमतीतही तसंच असतं. 'पॉलियुरिया' हा साबण नव्हे, पण सीलबंद बेरिंगांत आणि काही एक्सल जॉइंटांत तो वापरतात.

दोन, घट्टपणाचा आकडा. एनएलजीआय नावाची अमेरिकी संस्था १९३३ पासून आहे, तिची ही मोजपट्टी ०००, ००, ० पासून ६ पर्यंत जाते. २५ अंश सेल्सिअसला ग्रीस ६० वेळा घुसळतात, त्यावर ठरावीक वजनाचा शंकू ५ सेकंद सोडतात आणि तो किती रुतला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. २ नंबरमध्ये तो २६५ ते २९५ रुततो, म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर. ३ नंबरमध्ये २२० ते २५०. हाताला कसं लागतं म्हणाल तर २ नंबर म्हणजे श्रीखंड आणि ३ नंबर म्हणजे रात्रभर टांगलेला चक्का. ००० जवळजवळ तेलासारखं ओततं. गाडीच्या बहुतेक कामांना २ नंबर चालतो. आपल्या बाजारात ट्रकवाले 'एपी ३' मागतात, तो यातलाच ३ नंबर. आकडा मोठा म्हणजे ग्रीस भारी, असं मात्र नाही. आकडा फक्त घट्टपणा सांगतो.

तीन, ड्रॉपिंग पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला ग्रीसमधून पहिला थेंब गळतो ते तापमान. साध्या कॅल्शियमचा १०० अंशांच्या आसपास, लिथियमचा १८० ते २००, लिथियम कॉम्प्लेक्सचा सहसा २५० च्या वर. तितकी उष्णता ग्रीस सोसेल असा त्याचा अर्थ काढू नका. तो आकडा म्हणजे कडेलोट. रोजचं काम त्याच्या बरंच अलीकडे थांबलं पाहिजे. साधं लिथियम १२०-१३० अंशांपर्यंत निर्धास्त समजा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो, म्हणून "सोलापूरच्या उन्हाला वेगळं ग्रीस लागतं का?" असं बरेच जण विचारतात. गाडीला लावण्यापुरतं, नाही. ब्रेकची डिस्क काहीशे अंशांवर जाते. तिच्या शेजारी राहणाऱ्या ग्रीसला आपलं ऊन म्हणजे सावलीच. डबा मात्र पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. उन्हाळ्यात त्यातलं तेल वर सुटून येतं, चटणीच्या बरणीत येतं तसं. थोडं सुटलं असेल तर ढवळून वापरता येतं. तळाशी ग्रीस कडक झालं असेल तर तो डबा गेटच्या बिजागरीला ठेवा.

'ईपी' लिहिलेलं असेल तर त्यात जास्त दाब सोसणारी द्रव्यं आहेत. 'मॉली' किंवा 'मॉलिब्डेनम डायसल्फाइड' असेल तर त्यात राखाडी-काळी घन पूड आहे. तेल दाबून बाहेर गेलं तरी ती पूड धातूला धातू घासू देत नाही. 'जीसी-एलबी' हे शिक्के दिसले तर जीसी म्हणजे चाकाच्या बेरिंगची आणि एलबी म्हणजे चासीची (गाडीच्या खालच्या सांगाड्याची) सर्वांत वरची श्रेणी, दोन्ही कामांना पास.

आणि रंग? रंग कंपनी घालते. एकाचं निळं उष्णतेचं, दुसऱ्याचं निळं पाण्याचं. काळं दिसलं तर मॉली किंवा ग्रॅफाइट असेल, पण तेही डब्यावर वाचूनच पटवा. शेठने रंग विचारला की तुम्ही भाग सांगा.

तिसरी पायरी: भागाला चार प्रश्न विचारा

तापतो का? भार किती आणि कसा, फिरता की आपटणारा? पाणी-धूळ लागते का? आणि शेजारी रबर किंवा प्लॅस्टिक आहे का? पहिले तीन प्रश्न मिस्त्री लोक न शिकवताही विचारतात. चौथा राहतो, आणि माझा राहिला तो हाच होता.

ब्रेक: इथे घाई नको

ब्रेकमधलं रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं, कारण ब्रेक ऑइल त्याला सोसतं. पण खनिज तेल, म्हणजे पेट्रोलियमपासूनचं कुठलंही साधं ग्रीस, त्याला लागलं की ते शोषून फुगतं. पिन अडकते, ब्रेकचं पॅड डिस्कला घासत राहतं, चाक तापतं. माझं तेच झालं.

कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस किंवा 'कॅलिपर पिनसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं सिंथेटिक ग्रीस लावा. पिना ब्रेक क्लीनरने पुसा. पेट्रोल किंवा घासलेट रबराजवळ नेऊ नका. दोन पिना बऱ्याचदा सारख्या नसतात, म्हणून कुठली वरची नि कुठली खालची ते काढतानाच लक्षात ठेवा. ग्रीसचा थर पातळ हवा. भोकात कोंबलंत तर आत अडकलेली हवा पिनेला बाहेर ढकलते आणि पिन हवी तशी सरकत नाही.

कॅलिपरमध्ये पॅड ढकलणाऱ्या पिस्टनच्या सीलला आणि धूळरोधक रबराला लाल रबर ग्रीस मिळतं. तेही बहुधा एरंडेलासारख्या वनस्पती तेलाचं, म्हणूनच रबराशी त्याचं जमतं. पॅडच्या पाठीला आणि कानांना, जिथे ते धातूवर टेकतं तिथे, उष्णता सोसणारं सिरॅमिक ग्रीस नखभर. पॅडच्या घासणाऱ्या तोंडाला आणि डिस्कला काहीही नाही. चुकून बोट लागलं तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडमध्ये ग्रीस मुरलं असेल तर पॅड बदला. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेक कडक लागेपर्यंत पेडल दाबा. पिस्टन आत ढकललेला असेल तर पहिले दोन-चार दाब पोकळ जातात, आणि ते दारात कळलेलं बरं.

चाकाचं बेरिंग

हे टेपर रोलर बेरिंगवाल्यांसाठी (उघडून ग्रीस भरता येणारं, निमुळत्या रोलरचं बेरिंग), म्हणजे जुनी जीप किंवा ट्रॉली. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की गळीत हंगामात रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागते. त्या ट्रॉल्यांचे हब (चाकाचा बेरिंग बसवलेला मधला भाग) हंगाम सुरू होण्याआधी उघडले पाहिजेत, पण बरेच जण बेरिंग जाम झाल्यावरच उघडतात.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, २ नंबर, ईपी. पाणी भरलेल्या शेतातून ट्रॉली जात असेल तर कॅल्शियम सल्फोनेटला पैसे घालायला हरकत नाही. चाक उचलण्याआधी बाकीच्या चाकांना उटी लावा आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. बेरिंग घासलेटात धुऊन पूर्ण सुकू द्या. कंप्रेसरच्या हवेने ते भिरभिर फिरवायचा मोह होतो, आवाजही मजेदार येतो, पण वंगणाशिवाय त्या वेगाने फिरलेलं बेरिंग खराब होतं आणि कधी फुटून रोलर उडतात. रोलरवर निळसर झाक, खड्डे किंवा चरे दिसले तर ग्रीसचा विषय संपला. नवीन बेरिंग आणा.

तळहातावर सुपारीएवढा गोळा घ्या. बेरिंगची रुंद बाजू त्यात दाबून ओढा, पुन्हा दाबा, फिरवत राहा. ग्रीस रोलरच्या फटींतून वरच्या बाजूने बाहेर आलं की तेवढी जागा भरली. याला वेळ लागतो. वरवर फासून बसवलेलं बेरिंग बाहेरून तसंच दिसतं आणि आत कोरडं असतं. हबच्या पोकळीत मात्र एक तृतीयांश ते निम्मी जागाच भरा. ठासून भरलं तर ग्रीस घुसळत राहतं, त्यानेच तापतं आणि सील ढकलून ब्रेकवर येतं. सील नवीन, कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुमडती पिन) नवीन. चाक फिरवत नट आवळा आणि मग मॅन्युअलमध्ये सांगितलंय तितका सैल करा.

एक्सलचा जॉइंट

पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना कटकट आवाज आला तर बाहेरच्या जॉइंटचं रबरी बूट फाटलेलं असण्याची शक्यता जास्त. फटीतून ग्रीस बाहेर उडतं आणि आपल्या काळ्या मातीची धूळ आत जाते. उरलेल्या ग्रीसमध्ये मिसळून ती पॉलिश पेपरचं काम करते. आवाज येण्याआधी, नुसतं बूट फाटलेलं दिसताच काम केलं तर जॉइंट वाचतो. म्हणून अलाइनमेंटला गाडी वर चढवली की चाकांच्या आतल्या बाजूला एकदा नजर टाका.

इथे मॉली ग्रीस. बूटच्या किटमध्ये ग्रीसची पुडी येते, ती पूर्ण वापरा. मापूनच दिलेली असते. आतल्या बाजूचा जॉइंट वेगळ्या रचनेचा असतो आणि काही गाड्यांत त्याचं ग्रीसही वेगळं, म्हणून दोन्ही पुड्या एकमेकींच्या जागी वापरू नका. जुनं ग्रीस सगळं पुसून काढा.

निप्पलवाले भाग

प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा दांडा) क्रॉस म्हणजे चार टोकांचा सांधा, कमानपाट्यांचे शॅकल म्हणजे पाटे टांगणाऱ्या कड्या, आणि किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन. लिथियम ईपी २ इथे छान चालतं. आधी निप्पल फडक्याने पुसा, नाहीतर ग्रीस गनबरोबर तुम्हीच धूळ आत ढकलता. क्रॉसच्या चारही टोकांतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत मारा. तीनच टोकांतून आलं तर चौथी वाट तुंबलेली आहे, शाफ्ट थोडा फिरवून पुन्हा मारा. किंगपिनला ग्रीस मारताना चाक जमिनीवरून उचललेलं हवं. भार असताना दाबाखालच्या बाजूला ग्रीस शिरत नाही.

ग्रीस गनच्या तोंडासमोर हात धरू नका. हातगनचा दाबही कातडीखाली ग्रीस घुसवण्याइतका असतो. टोचल्यासारखा बारीक ठिपका दिसतो, दुखत नाही, आणि तरीही त्याच तासाला दवाखाना गाठायचा असतो.

उरलेलं, भराभर

दारांच्या बिजागऱ्या, चेक स्ट्रॅप (दार उघडं धरणारी पट्टी), सीटचे रूळ आणि बॉनेटचं लॅच यांना पांढरं लिथियम. जुनी काळी मळी आधी पुसा. बॉनेटचं लॅच टाळू नका; ते अर्धवट बसलं तर पुणे रोडवर बॉनेट काचेवर येतं. चावीच्या भोकात ग्रीस नाही, ग्रॅफाइटची पूड. ग्रीस धूळ धरतं आणि वर्षभरात कुलूप बसतं. काचेच्या आणि दाराच्या रबराला सिलिकॉन स्प्रे.

बॅटरीचे टर्मिनल आधी घासून, आवळून, मग वरून व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली. टर्मिनल आणि क्लॅम्पच्या मध्ये नको. स्पार्क प्लगच्या रबरी टोपीत डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारं सिलिकॉन ग्रीस.

क्लच प्लेटच्या दातऱ्यांना, गिअरबॉक्स उतरवलाच असेल तर, उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पुसल्यासारखं. जास्त झालं की उडून प्लेटवर जातं आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

चाकाच्या नटांना ग्रीस लावायची पद्धत आपल्याकडे फार आहे. मॅन्युअल सांगत नसेल तर लावू नका. आवळण्याचं माप कोरड्या आट्यांचं दिलेलं असतं. ग्रीस लावलं की तेवढ्याच जोराला स्टड जास्त ताणला जातो.

आणि गंजलेला नट सोडवायचा स्प्रे म्हणजे ग्रीस नव्हे. बिजागरीवर मारला तर करकर आठवडाभर थांबते, कारण असलेलं वंगणही त्याने धुतलेलं असतं.

भेसळ

जुन्यावर नवं मारायच्या आधी जुनं कुठलं ते माहीत हवं. लिथियम आणि लिथियम कॉम्प्लेक्स सहसा जमवून घेतात. मातीवर आधारलेलं बेंटोनाइट किंवा काही पॉलियुरिया लिथियममध्ये मिसळले की मिश्रण पातळ होऊन वाहून जातं. दोन्ही ग्रीस आपापल्या जागी उत्तम असली तरी असं होतं. माहिती नसेल तर धुऊन कोरडं करा आणि नव्याने भरा. डब्यांवर चिकटपट्टी लावून कुठल्या भागाला वापरलं ते लिहून ठेवा. दोन वर्षांनी आठवत नाही.

घरच्या गाडीपुरतं विचाराल तर सिलिकॉन ब्रेक ग्रीसची छोटी ट्यूब आणि पांढऱ्या लिथियमचा स्प्रे, एवढ्यात भागतं. पाच किलोची बादली स्वस्त पडते म्हणून घेऊ नका.

हाताचं ग्रीस पेट्रोलने काढू नका. थोडं गोडेतेल आणि चमचाभर साखर चोळा, मग साबण. ग्रीस निघून जातं, घासलेटाचा वासही राहत नाही. धुतलेलं घासलेट गटारात ओतू नका, डब्यात साठवून जुन्या ऑइलबरोबर भंगारवाल्याकडे द्या.

ब्रेक किंवा हबचं काम झालं की सात रस्त्यापासून होटगी रोडने विमानतळापर्यंत गाडी सावकाश नेऊन आणा. परत आल्यावर चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या, डिस्कला मात्र लावू नका. पुढची मागच्यांपेक्षा गरम असणारच. डावं आणि उजवं सारखं लागलं पाहिजे. एक बाजू वेगळी तापली असेल तर दुसऱ्या दिवशीवर न टाकता तेच चाक पुन्हा उघडा.